विचारायचं तर ताट हवं

म्यूरिएल पेल्की जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबली. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या त्या नदीकाठच्या गावात तिच्या हातचं न जेवलेला माणूस शोधून सापडायचा नाही. आमदार वगैरे व्हायची तिला हौस नव्हती. तिला पूल हवा होता.

पूल खचला म्हणून बंद केला, तो बंदच राहिला. दवाखाना पलीकडच्या काठावर, खिडकीतून दिसणारा. पण नवऱ्याला, क्लेटनला, डायलिसिसला न्यायचं तर अख्ख्या नदीला वळसा. त्या वळशानेच तो पिचला. एक दिवस म्हणाला, "बास झालं म्यूरिएल. आता मी नाही जात."

म्यूरिएलने भांडी जरा जोरात आपटली.

गावाची एक रीत होती. मतदानाआधी गावच्या सभागृहात घेवड्याचं जेवण व्हायचं. रात्रभर जमिनीत पुरून शिजवलेला घेवडा उमेदवारांनी एप्रन बांधून वाढायचा, आणि ताटवाला विचारेल त्याचं तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. यंदा आमदार ड्वेन हॅस्केलसमोर दुसऱ्या मोठ्या पक्षाने कुणी उभंच केलं नाही. ड्वेनने निरोप धाडला: यंदा जमणार नाही, जेवणाला डुकराचं हॅम पाठवतो.

"हॅमला विचारू होय, पूल कधी बांधतोस म्हणून?" म्यूरिएल म्हणाली, आणि जाऊन स्वतःच उमेदवार झाली. मतपत्रिकेवर छापील नाव नाही, मतदारांनी हाताने लिहायचं, तसली.

क्लेटन हसला. "राजधानीला निघालीस होय गं?"

"मी कुठे जाते! त्याला इथे आणते."

आणि ड्वेन आला की! एप्रन बांधून तिच्या शेजारीच उभा राहिला. "काकू, माझ्याविरुद्ध उभ्या?"

"तू येईनास, मग काय करू बाळा?"

रांग लागली, आणि तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं, की पळी आपल्याही हातात आहे. विचारायचा हक्क ताटवाल्यांचा. आणि ताटवाले तर, दोघंही आपलेच म्हणून, थंडीवाऱ्याचं बोलून पुढे सरकत होते. अख्ख्या गावासमोर रीत मोडायची तिची छाती होईना.

शेवटी कोपऱ्यातून क्लेटन उठला. त्याने रिकामं ताट ड्वेनसमोर धरलं.

"वाढू, काका?"

"मला चालत नाही तो. पूल कधी?"

"मंजुरीला वेळ लागतो हो, काका…"

"लागत असेल. शुक्रवारी डायलिसिसला निघू, तेव्हा आमच्या गाडीत मागे बस. वळसा केवढा आहे ते बघ तरी."

"येतो," ड्वेन घेवड्याकडे बघत म्हणाला.

पुढे निवडून ड्वेनच आला. म्यूरिएलने तर स्वतःचं नावसुद्धा लिहिलं नाही. पाहुण्यांआधी आपलं ताट वाढून घेतल्यासारखं वाटलं असतं तिला. पण ते नंतरचं. त्याआधीच्या शुक्रवारी उजाडताच क्लेटन बूट चढवून, मागच्या सीटवरचे कुत्र्याचे केस झटकत होता.

"आणि तो आलाच नाही तर?" म्यूरिएलने विचारलं.

"नाही तर नाही. त्याला बोलावून आपणच घरी बसलो, तर बरं दिसेल का?"