बातमीत छापलेलं नाव

लाहोरला वृत्तपत्रविद्येचा वर्ग निघाल्याचं मला नागपुरात बी.ए. करताना कळलं. आमची केशोरीकडे धानाची शेती. मी वकील व्हावं ही वडिलांची इच्छा. माझा बेत ऐकून ते पोट धरून हसले. "बातम्या सांगाले कालेज लागते काय? बाजारात जाऊन बसत जा." पण मी हट्टाला पेटलो होतो. युद्धाचे दिवस, गाडीत पाय ठेवायला जागा नाही, तरी गेलो.

तिथले आमचे प्राध्यापक लाल पेन्सिल घेऊनच बसत. 'असे समजते', 'लोक म्हणतात' असं दिसलं की काट मारत आणि समासात लिहीत, 'कोण म्हणतो? नाव द्या.' बिननावाची बातमी म्हणजे चावडीवरच्या गप्पा, हे त्यांनी आमच्या डोक्यात पक्कं बसवलं. मला तर ते फारच पटलं. तेव्हा मला शहाणपण जरा जास्तच झालं होतं.

परत आल्यावर नागपूरच्या एका दैनिकाचा गोंदियाचा बातमीदार झालो. सभा, सत्कार, धानाचे भाव. लिहून लिहून कंटाळलो. अशात दरेकशाच्या जंगलात सागाचा ओंडका अंगावर पडून एक मजूर मेला आणि ठेकेदाराच्या माणसांनी पोलिसांना न कळवताच त्याला पुरला, असं कानावर आलं. मी पहिल्या गाडीनं गेलो. तिथं हजर असलेला एक मजूर भेटला. मोहाच्या झाडाखाली बसून त्यानं सगळं सांगितलं आणि शेवटी हात जोडले.

"माजं नाव नोका टाकू जी. ठेकेदाराच्याच कामावर जगतो आमी."

"नाही टाकत," मी म्हणालो.

लिहायला बसलो. 'एका मजुराने सांगितले' एवढं लिहिलं आणि ती लाल पेन्सिल डोळ्यांपुढे आली. मी त्याचं नाव टाकलं. त्याच्या बापाचंही टाकलं, म्हणजे कुणाला शंका नको.

बातमी गाजली. कात्रण लाहोरला पाठवलं, तर 'उत्तम' असा शेरा आला. संपादकांनी नागपूरला उपसंपादक म्हणून बोलावलं. मी हवेत होतो. तिकडे चौकशीत कुणीच काही पाहिलेलं नव्हतं, आणि ठेकेदारानं दरेकशाच्या एकाही माणसाला कामावर घेणं बंद केलं. गावानं त्या मजुराशी बोलणं टाकलं. एके सकाळी तो घरातून निघून गेला.

हे कळल्यावर नागपूरला जाण्याआधी मी त्याच्या घरी गेलो. मला माफी मागायची होती. त्याची बायको अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिनं खाट टाकली, पाणी दिलं आणि म्हणाली, "तुमच्या पेपरात लिवा जी, का तो कोठं गेला म्हणून. लोक वाचतीन, कोणी त सांगन. नाव त तुमाले मालूमच हाये."

"लिहितो," मी म्हणालो.

पुढं तीस वर्षं नोकरी केली, दुसऱ्यांच्या मजकुरावर लाल पेन्सिल चालवली. ते चार ओळींचं निवेदन मात्र मी कधीच छापलं नाही. तो कुणामुळे गेला, हेही मग लिहावं लागलं असतं.