बायकोचं दुखणं माझ्या कार्डावर

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते ऊस तोडायचं. मी तोडला, तिनं उसाच्या हिरव्या शेंड्यानं, वाढ्यानं, मोळी आवळली, मी ती तिच्या डोक्यावर दिली.

"बारकी बारकी मोळी बघून देता व्हय? म्हातारी समजता का मला?"

"मग काय तरणी हायस?" मी म्हणलं. हसली.

दुपारी बांधावर बसली ती उठलीच नाही. तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत गेली. लघवीचं दुखणं मूत्रपिंडात गेलं होतं म्हणे.

हे दुखणं कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही, त्याचाच मला राग आहे. मागच्या दुष्काळात आम्ही आष्टीकडून लवकरच साखर कारखान्यावर आलो, तेव्हा शहरातल्या बाया संशोधनाला आल्या होत्या. आमच्या पाचटाच्या कोप्यांतून, झोपड्यांतून फिरल्या. बायकोनं त्यांना सरळ सांगितलं, "आमी पाणीच पीत न्हाई. पिलं तर जायाचं कुठं? चहूकडं गडीमाणसं." त्यांनी लिहून घेतलं. अहवाल झाला, सरकारनं मानला. ऊस तोडणाऱ्यांना औषधपाण्याचं कार्ड आणि आठवड्याला दवाखान्याची गाडी. बायको शेजारणीला ऐकवायची, "माझ्या बोलण्यानं आली गाडी. तू नुसती बस जाऊन."

पण कारखाना माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. सरकारनं तीच यादी उचलली. म्हणून कार्डही कोयत्याला एक, तेही नवऱ्याच्या नावाचं. गाडीवरचे म्हणायचे, बाईचं नाव नाही, औषध देता येत नाही. मग तळावरच्या सगळ्या गड्यांनी एकच युक्ती काढली. बायकांची दुखणी आपली म्हणून सांगायची. माझी कंबर, माझा ताप, माझी जळजळ. डॉक्टर माझ्याच डोळ्यात बत्ती मारायचा, माझ्याच दंडाला पट्टा बांधायचा. गोळ्या ती खायची. तिचं पोट कुणी दाबून पाहिलं नाही.

त्यावर कडी म्हणजे यंदा एक साहेब येऊन सांगून गेला, योजनेमुळं बायांची दुखणी कमी झाली, पुढच्या हंगामाला गाडी महिन्यातून एकदा पुरे. बायको मागून बोलली, "कमी न्हाई झाली साहेब, नवऱ्यांच्या अंगात शिरली." सगळे हसले. साहेबही हसला. या वेळी मात्र कुणी लिहून घेतलं नाही.

तिला तळाजवळच ओढ्याकाठी अग्नी दिला. दुसऱ्या दिवशी गाडीचा वार होता. सकाळी मी उसाच्या फडात गेलो नाही, रांगेत उभा राहिलो.

"काका, जळजळ कशी हाय?" डॉक्टरनं विचारलं.

"ती माझी नव्हती. बायकोची होती. ती काल गेली. कंबर तिची, ताप बी तिचा. माझं नाव खोडा अन् तिचं लिहा."

"आता लिहून काय उपयोग, काका?"

"त्या साहेबाला कळंल."

मग मागं वळलो. रांगेतले गडी खाली बघत होते. "तुमी का गप रं? तुमची दुखणी कुणाची हायत ते सांगा की."

आणि डॉक्टर तिचं नाव लिहीपर्यंत मी टेबलापासून हललो नाही.