धरलेली घट

माझी मुलगी फिजिक्स माझ्या धाकट्या जावेकडे शिकते. जाऊ बी.कॉम. आहे. हे वाक्य मनात आलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. पडघ्याहून कोन गावात, या घरात सून म्हणून आले, तेव्हा सासऱ्यांनी हळदीच्या मांडवात येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगितलं होतं, "सून सायनसवाली हाय." खाली आमचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना, वर घर, आणि जिन्यालगतच्या खोलीत माझा क्लास. अकरावी-बारावीची पोरं पार निजामपुऱ्याहून रिक्षा करून येतात. खालच्या खटखटीवर आवाज चढवून शिकवता शिकवता माझा आवाजच तसला झाला. घरात मीठ मागितलं तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं.

तर यंदा पोरगी अकरावीत गेली. मी धरूनच चालले होते की ती पहिल्या बाकावर बसणार. तिच्यासाठी भिंतीकडची, पंख्याखालची जागा मोकळी ठेवली होती. ती म्हणाली, "आई, मला घरात आई पाहिजे, मॅडम नको." मी हसले. शेजारणींना गंमत म्हणून सांगितलंसुद्धा. म्हटलं, चार दिवस जातील, गणितं अडली की येईल पाय ओढत.

आली नाही. आमच्या घरात सुनांच्या चुली दोन आणि मध्ये एक भिंत, तीच पुढे माझ्या क्लासच्या खोलीला लागते. माझा क्लास चालू असताना संध्याकाळी भिंतीपलीकडून माझ्या पोरीचा आवाज यायला लागला. जाऊ भाकऱ्या थापत असायची, तिचा बालवाडीतला पोरगा तिथंच चेंडू आपटत असायचा, आणि माझी पोरगी ओट्याला टेकून तिला पुस्तक वाचून दाखवायची. काय वाचायची? फिजिक्स. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. निजामपुऱ्याची पोरं माझ्याकडे येतात आणि माझ्या पोटची पोर भिंतीपलीकडे जाते.

सासूबाईंनी माझा चेहरा वाचला. त्या सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पोरगी तुझी न् बसते तिच्याजवल. नशीब एकेकाचं, बाय." त्यांना असं मीठ चोळायला फार आवडतं.

एका संध्याकाळी धडा निघाला टकरींचा. पुस्तकात त्याला अप्रत्यास्थ टक्कर म्हणतात. शब्द ऐकूनच पोरं घाबरतात, पण गोष्ट साधी आहे. दोन वस्तू आपटल्या आणि पहिल्यासारख्या उसळून वेगळ्या झाल्या नाहीत, तर त्यांच्या धावण्यातली थोडी ऊर्जा वाया जाते. चिकटून बसल्या तर सगळ्यात जास्त. मी फळ्यावर हेच शिकवत होते. पलीकडे माझी पोरगी जावेला तेच सांगत होती.

"काकी, दोन गाड्या सारख्याच. एक उभी, दुसरी येऊन धडकली आणि दोघी चिकटल्या. तर संवेग तेवढाच राहतो."

"संवेग म्हणजे काय गो?"

"वजन गुणिले वेग, असं समज."

वजन नव्हे! मी अलीकडून ओरडले, "वस्तुमान!" माझ्या समोरच्या पोरांनी दचकून ते वहीत लिहून घेतलं. पलीकडे कुणी लक्ष दिलं नाही, माझं ओरडणं त्यांना रोजचंच.

"आणि ऊर्जा निम्मीच उरते," पोरगी म्हणाली.

"अगं, मग बाकीची गेली कुठं?"

"आवाजात. उष्णतेत. पत्रा चेपण्यात."

"म्हणजे घटच की," जाऊ म्हणाली. "आपल्या सुताची नाय का धरत? तसंच."

"हां काकी. तेच, एकदम तेच."

आता ही घट म्हणजे काय ते सांगते. लूमवाल्यांकडे व्यापारी सूत वजन करून देतो आणि कापड वजन करून नेतो. दिलं तेवढं कधीच परत जात नाही. धागा तुटतो, टोकं कापली जातात, कस्पट उडतं. म्हणून इतक्याला इतकी घट असं आधीच ठरलेलं असतं, आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. आमच्या घरातल्या पोरांना पाढ्यांच्या आधी घट कळते. कारखाना सासऱ्यांनी उभा केला, पण सुताचा सगळा व्यवहार आता जाऊच बघते, त्यामुळे ती बोलली त्यात तिचं काही चुकलं नाही. चुकलं ते पुढे.

कॉलेजची चाचणी झाली. पोरीचा पेपर माझ्या हाती लागला आणि मी बघतच राहिले. टकरींच्या प्रत्येक गणितात तिनं ऊर्जा निम्मी केली होती. उभ्या हातगाडीला ट्रक धडकून अडकला, निम्मी. उभ्या ट्रकला हातगाडी धडकली, निम्मी. चेंडू भिंतीवर आपटून चांगला उसळून परत आला, त्याचीही निम्मी. काकीला सांगितलेल्या गणितात दोन गाड्या सारख्या होत्या म्हणून तिथं निम्मी आली होती, आणि आमच्या बाईसाहेबांनी तोच दर सगळीकडे लावला. ठरलेली घट. कारखानदाराची नात शोभली अगदी.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? पोरीचे मार्क गेले याचं वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलंही, पण जरा उशिरा. आधी मी पेपर घेऊन भिंतीपलीकडे गेले.

"बघ," जावेला म्हटलं. "तुझी घट माझ्या पोरीच्या मार्कांना लागली."

तिनं पिठाचे हात वर धरून पेपर वाचला. "अगंबाई," म्हणाली. "ताई, मला यातलं काय येतंय? तीच सांगते, मी आपली ऐकते. तुम्हीच समजावा तिला. मी पण सांगते तिला, आईकडे जा म्हणून."

म्हणजे माझ्या पोरीला माझ्याकडे ही पाठवणार! तिनं भांडायला हवं होतं. मी इतकी तयारी करून गेले होते, आणि माझा सगळा राग तिच्या त्या पिठाच्या गोळ्यात रुतल्यासारखा झाला. उलटून काहीच आलं नाही. तिच्या पोराचा रबरी चेंडू जमिनीवर पडला होता, तो उचलला आणि परत आले.

पोरगी तोंड पाडून बसली होती. "चल खाली," मी म्हटलं. तिला वाटलं ओरडा बसणार, म्हणून निमूट आली.

खाली लूम चालतात तिथं बोलायचं तर तोंड कानाला लावावं लागतं. दुसरा इलाज नाही. तिचे केस माझ्या गालाला लागले. ती एवढी जवळ कधी आली होती ते मला आठवेना. मी तिला लूमचा धोटा दाखवला. सुताची कांडी पोटात घेऊन धावणारा तो लाकडी तुकडा तिनं जन्मापासून पाहिलाय. दांडा त्याला टोला मारतो, तो ताण्याच्या उभ्या धाग्यांतून सुसाट पलीकडे जातो आणि तिकडच्या पेटीत आपटून थांबतो. तिकडचा दांडा त्याला परत इकडे हाणतो. दिवसभर हेच.

"थांबला तेव्हा त्याची ऊर्जा किती उरली?" मी तिच्या कानात ओरडले.

"काहीच नाही."

"मग निम्मी कुठं गेली तुझी घट?"

ती धोट्याकडे वाकून बघायला लागली. लूम चालवणारे कारागीर चाचा म्हणाले, "भाभी, ज़रा दूर से." मी त्यांना तो एक लूम बंद करायला सांगितलं. धोटा काढून तिच्या हातात दिला. तो गरम होता. पेटीच्या टोकाचा चामडी पट्टाही तिला चाचपायला लावला, तोही कोमट.

"हा पट्टा कशाला असतो?"

"धोटा उसळू नये म्हणून," ती म्हणाली. हे तिला ठाऊकच होतं. धोटा उसळला तर सूत ढिलं पडतं आणि कापडात खोट येते.

"म्हणजे इथं ऊर्जा जावी म्हणूनच सगळी सोय केलीय. आता हे बघ." मी छातीच्या उंचीवरून चेंडू फरशीवर सोडला. तो उसळून जवळजवळ कमरेपर्यंत आला. "याची गेली का निम्मी?"

तिचे डोळे मोठे झाले. तिनं माझा खांदा धरला, तोंड माझ्या कानाला लावलं. "म्हणजे घट ठरलेली नसते?"

"नसते. कोण कोणावर आपटतं, जड कोण, हलकं कोण, चिकटतात का उसळतात, त्यावर असतं सगळं. ट्रकनं हातगाडीला उडवलं तर थोडीच जाते. हातगाडी ट्रकवर गेली तर जवळजवळ सगळीच. दर वेळी नव्यानं मांडायचं. पण संवेगात घट नाही. त्यात कणभरसुद्धा नाही."

"आई," ती म्हणाली, "कळलं." आणि तिथंच, चाचांच्या देखत, मला मिठी मारली. मला वाटलं, जिंकले. उद्यापासून पंख्याखालच्या जागेवर माझी पोरगी. मनात मी तिला बाकावर बसवूनसुद्धा टाकलं.

"थांब, काकीला सांगून येते," म्हणाली, आणि धोटा हातात घेऊन जिना चढून पळाली.

मी वर आले तेव्हा भिंतीपलीकडे तिचं सुरू झालं होतं. माझेच शब्द. कोण कोणावर आपटतं, दर वेळी नव्यानं मांडायचं. ट्रक आणि हातगाडी. एक चूक नाही, माझा आवाजसुद्धा उचलला होता. माझ्या ताटातलं वाढून ती तिकडे जेवायला घालत होती.

"बरं," जाऊ म्हणाली. "पण तू म्हणतेस संवेग कुठं जात नाही. मग धोटा थांबला तर तो गेला कुठं?"

पोरगी गप्प झाली. मी अलीकडे ओठ चावून उभी. उत्तर माझ्या जिभेवर होतं, भिंत नसती तर बोलले असते. पलीकडे भाकरी थापल्याचा आवाज येत होता, थप थप, थप थप. जाऊ काही बोलली नाही. तिला उत्तर येतच नव्हतं, बोलणार काय?

"लूममध्ये," पोरगी हळूहळू म्हणाली. "लूम जमिनीला ठोकलेला असतो. म्हणजे जमिनीत. काकी! म्हणून आपली फरशी हलते!"

हे मी तिला सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं शिकवते, कुठल्याच पोराला एवढा वेळ गप्प बसू दिलेलं नाही. पोर अडखळलं की मी उत्तर देऊन मोकळी होते. त्या भिंतीला टेकून मला जावेचा जेवढा हेवा वाटला, तेवढा तिच्या गोऱ्या रंगाचा नाही वाटला, की सासूबाईंनी तिला घातलेल्या पाटल्यांचा नाही. तिला काही येत नाही, याचा मी हेवा करत होते. कुणाला सांगितलं तर हसतील.

दुसऱ्या दिवशी मी क्लासच्या पोरांना सुट्टी दिली. मनाशी ठरवलंच होतं. पोरीची पुस्तक घेऊन पलीकडे जायची वेळ झाली तेव्हा मी ओट्याशी परात घेऊन उभी राहिले, तांदळाची उकड मळत. आवाज होईल तेवढा खाली आणला.

"काय गं," म्हटलं, "ते टकरींचं काय म्हणत होतीस काल? मला सांग ना जरा."

ती थांबली. "तूच तर शिकवलंस."

"विसरले. तो संवेग जातो कुठं?"

ती हसली. जवळ आली, माझा गाल ओढला. "आई, नाटकं नको करूस. तुला झोपेतून उठवलं तरी येतं. तुला सांगण्यात काय मजा?"

ती हे कौतुकानं म्हणाली. माझा तिला अभिमान आहे, तो चेहऱ्यावर दिसत होता. मग पुस्तक काखेत मारून ती पलीकडे गेली.

मी गोळा हातावर घेतला आणि थापायला लागले. पलीकडे जाऊही थापत होती. ती म्हणाली, "ये गो. आज काय आपलं?"

आणि माझी पोरगी तिला सांगायला लागली.