वाटाण्याएवढं मलम

हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. माझा चेहरा तात्यांच्या औषधानं सोलला नव्हता. तो मीच सोलून घेतला होता.

तात्या मूळचे लासुर्ण्याचे, बारामतीत त्यांचं मेडिकल. काउंटरवर काचेच्या बाटलीत एकच वाळका वाटाणा. पुटकुळ्यांसाठी ट्रेटिनॉइनच्या मलमाची चिठ्ठी घेऊन कुणी आलं, की तात्या तो वाटाणा त्याच्या तळहातावर ठेवत. “सगळ्या तोंडाला मिळून एवढंच. चेहरा हाय, भाकरी न्हाय थापायला.”

मुली आल्या की त्यांचा आवाज खाली येई आणि ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळली जाई. गरोदरपणी हे मलम चालत नाही. पण नव्या नवरीला ते कसं विचारायचं? मग तात्या आत हाक मारत, “अगं, जरा भाईर ये,” आणि काकू तिला बाजूला घेत. तेवढा वेळ तात्या रस्त्याकडं पाठमोरे बघत उभे.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मी पिंपळीहून सायकलवर कॉलेजला जायचो. गाल पुटकुळ्यांनी असे भरलेले, की ग्रुप फोटोत मी मागच्या रांगेत वाकून उभा. त्या वर्षी गॅदरिंगच्या नाटकात काम मिळालं. चिठ्ठी दाखवून मलम घेताना तात्यांना विचारलं, किती दिवसांत जातील?

“तीन म्हैने. आधी जास्ती येतील, मग जातील. घाबरून सोडू नको. रोज झोपतानाच लाव, आन् उन्हात रुमाल बांध.”

माझ्याकडं पंधरा दिवस होते. मी सकाळ-संध्याकाळ लावलं, बोटभर घेऊन, आणि दुपारी तसाच उसाला पाणी धरायला गेलो. सहाव्या दिवशी कातडीचे पापुद्रे निघाले. पाणी लागलं तरी आग व्हायची.

“किती लावलंस?” आबांनी, म्हणजे वडिलांनी, विचारलं.

“तात्यांनी सांगितलं तेवढंच.”

आबा मला धरून दुकानात घेऊन गेले. गुरुवारचा बाजार, पिंपळीची पाच-सहा माणसं तिथंच उभी. “तात्या, तुमी शिकली-सवरलेली माणसं. बगा पोराचं थोबाड, उकडल्या बटाट्यागत सोललंय.”

तात्यांनी माझा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडं वळवला. कानांपर्यंत सोललेलं बघून त्यांना सगळं कळलं असणार. त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. मी खाली बघितलं.

“माजंच समजावणं कमी पडलं, आबा,” ते म्हणाले.

मग मला म्हणाले, “सध्या बंद ठेव. बरं झालं की एक दिसाआड लाव. आन् नाटकात दाढीवाल्याचं काम माग.” आबासुद्धा हसले.

तीन महिन्यांनी गाल स्वच्छ झाले, त्यांनी सांगितलं होतं तसेच. पण पिंपळीत एक बोलणं रुजलं: तात्या तोंडं जाळतो. गावची माणसं दुसऱ्या मेडिकलला जाऊ लागली. मी दिसलो, की तात्या फक्त विचारत, “रुमाल बांधतोस न्हवं?” कधी टोमणा नाही. त्यांचं ते विचारणं मला टोचायचं, म्हणून पुढं मी तो रस्ताच सोडला. ते गेल्याचं मला महिन्यानं कळलं. आबाही आता नाहीत.

त्या गुरुवारी दुकानात असलेल्यांपैकी दोघे पिंपळीत अजून आहेत. त्यांच्या दारी जाऊन, चूक माझी होती, तात्यांनी बरोबर सांगितलं होतं, एवढं बोलणं मी तात्यांना देणं लागतो.