सपनाची मधली सहा वर्षं

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. पाणी वेळेवर. गहू निवडून डबा दाराशी ठेवला. दुपारी सपना आली. संध्याकाळच्या आत रेझ्युमे पाठवायचा म्हणून रडकुंडीला आलेली.

सपना आमच्याच मजल्यावरची. लग्न होऊन परभणीहून मुलुंडला आली तेव्हा मान वर करत नसे. मग कुरियरच्या काउंटरवर लागली आणि अशी तयार झाली की भांडायला आलेलं गिऱ्हाईक बारशाचं आमंत्रण देऊन जाई. पुढे सासूच्या किडन्या गेल्या आणि हिने नोकरी सोडली. सासू या उन्हाळ्यात गेल्या. आता नवऱ्याची, भीमराजची, नोकरी महिनाअखेर संपते आहे. दुसरं कमावणारं कोणी नाही. जवळच्या डायलिसिस सेंटरला रिसेप्शनिस्ट हवी आहे.

तिने आणलेला कागद नणंदेच्या लग्नाच्या बायोडाट्यावरून केलेला होता. उंची, वर्ण, मामांचं गाव.

"अगं, नोकरी मागतेस की नवरा?"

"आहे तोच पुरे झाला, काकू." हसली, पण बोटं पदराशी चाळा करत होती. "ही सहा वर्षं रिकामी दिसतात. कोपऱ्यावरच्या बंद पडलेल्या दुकानाचं नाव टाकू?"

"आणि त्यांनी दुकानदाराचा नंबर मागितला तर?"

"मग काय, घरी बसले होते लिहू?"

"घरी बसलेली मी तुला पाहिली नाही. सासूला डायलिसिसला नेणं, वेळ बदलून घेणं, विम्याच्या माणसाशी फोनवर वाद घालणं. तेच लिही."

ती एकदम उसळली. "आत्याबाईंचं केलं ते नोकरीसाठी दाखवू? सेवा विकली म्हणतील लोक!"

सासूला ती आत्याबाई म्हणे. घड्याळ पुढे सरकत होतं. तेवढ्यात तिला शोधत भीमराज दारात आला; तिचं बोलणं त्याच्या कानावर पडलं होतं.

"सपने, आईच तिथल्या सिस्टरला सांगायची ना, माझ्या सुनेला ठेवा कामाला, तुमच्यापेक्षा बरं चालवील? तेव्हा तर तू लाजून बाहेर पळायचीस."

सपनाने कागद माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाली, "लिहा."

तिच्या कागदावरचं 'मेहनती', 'प्रामाणिक' मी खोडलं. शाळेत आमच्या नन निबंधातली अशी विशेषणं लाल शाईने उडवत. मधल्या वर्षांसाठी उरलं ते असं: २०१९ ते २०२५, डायलिसिसवरील सासूची देखभाल, उपचारांच्या वेळा, औषधं, विम्याचा पाठपुरावा. भीमराजने मोबाइलवर टाइप करून पाठवलं.

मग तिघं फोनकडे बघत बसलो. पहिला फोन कर्ज हवं का विचारणाऱ्याचा. भीमराज त्याच्यावरच खेकसला. अंधार पडल्यावर दुसरा आला. सपना उभी राहून "हो मॅडम, हो मॅडम" करत होती.

"उद्या सकाळी बोलावलंय. काकू, आत्याबाईंचं विचारलं आणि मला रडूच आलं तर?"

"डोळे पूस आणि पुढचं सांग."

ती गेली तेव्हा गिरणी बंद झाली होती. दळण राहिलं. रात्री नुसता भात केला.