डावखुऱ्या पिचरची रिकामी चौकट

जायचं ठरलं बुधवारी, आणि शुक्रवारपर्यंत मी तीनदा ‘नाही जमणार’ असं ठरवून बसले होते. काम असं होतं: पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावी जायचं, तिथल्या मायनर लीगच्या, म्हणजे बेसबॉलच्या खालच्या पायरीवरच्या संघातला एक डावखुरा पिचर पाहायचा आणि त्याच्यावर दोन पानं लिहायची. पिचर म्हणजे आपला गोलंदाज. मी इथे न्यू जर्सीत, पिस्कॅटवेला संख्याशास्त्र शिकते आणि उन्हाळ्यात वॉल्ट नावाच्या एका निवृत्त स्काउटचे, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्याचे, तक्ते भरून देते. वॉल्टचा गुडघा सुजला होता. “या वेळी तूच जा,” तो म्हणाला. ती दोन पानं वाचून एक वरचा संघ या मुलाला घ्यायचं की नाही ते ठरवणार होता. गावाचं आणि पिचरचं नाव मी लिहीत नाही. इथे त्याला डॅनी म्हणू.

मला हे काम मिळालं त्याचं श्रेय बाबांचं. धरणाच्या कॉलनीत शाळा नव्हती, त्यामुळे चौथीपर्यंत मी घरीच शिकले. बेरजा शिकले त्या रविवारच्या क्रिकेट सामन्यांच्या स्कोअरबुकात. बाबा अंपायर असायचे. त्यांचा नियम एकच: दिसलं ते लिही, वाटलं ते लिहू नकोस.

शनिवारी अकराला निघालो. गाडी मंदारची. तो माझा वर्गमित्र, मूळचा नागपूरचा. मला अजून लायसन्स नाही. २८७ नंबरच्या हायवेवरून ७८ पश्चिमेला, रस्ता सरळ आहे. डेलावेअर नदीच्या पुलावर टोल लागतो, सुटे हाताशी ठेवा. पूल ओलांडला की मक्याची शेतं आणि लाल कोठारं सुरू होतात. मी प्रिंट काढलेले नकाशे पुन्हा पुन्हा उलटत होते.

“काहून इतकं टेन्शन घेते यार?” मंदार म्हणाला. “मॅच पाहायला चाललोय, पेपर द्यायला नाही.”

“त्याच्यासाठी पेपरच आहे.”

“मग टेन्शन त्याला घेऊ दे ना!”

शाकाहारी असाल तर स्टेडियमवर मिळतं ते एवढंच: खारे दाणे, फ्राइज आणि प्रेट्झेल नावाचा पावाचा मोठा वेढा. मी दशम्या नेल्या होत्या. तिकीट सात डॉलरचं. होम प्लेटच्या, म्हणजे फलंदाजाच्या, बरोबर मागची जागा मागा. तिथून चेंडू आपल्याच अंगावर येतो आहे असं वाटतं.

डॅनी उंच, किडकिडीत, चोवीस वर्षांचा. वेग बेताचा, पण त्याचा हळू चेंडू हातातून सुटायचा वेगवान चेंडूसारखाच, आणि फलंदाज बॅट फिरवून मोकळा झाल्यावर पोचायचा. नऊपैकी पहिल्या सहा डावांत त्याने एकच धाव दिली. अधूनमधून तो आमच्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि त्याचा डावा खांदा खालीवर हलायचा. मला एकदम बाबांच्या सामन्यांतले गोलंदाज आठवले, चेंडू पँटवर घासत मागे चालत जाणारे. परक्या मैदानावर कुणीतरी ओळखीचं भेटावं तसं झालं. मी लिहिलं: ‘चेंडूची निगा राखतो. मांडीवर घासून चकाकी टिकवतो.’ कौतुकानेच लिहिलं. रविवारी सकाळी मोटेलच्या ऑफिसातून दोन्ही पानं वॉल्टला फॅक्स केली. मोटेल स्वच्छ होतं, नाश्त्याला फक्त डोनट.

रविवारचा सामना दुपारी. आदल्या दिवशी खेळलेला पिचर इथे प्रेक्षकांत बसून सहकाऱ्यांचे चेंडू नोंदवतो, हे मला माहीत नव्हतं. वेग मोजायचं यंत्र आणि पाटीला लावलेला तक्ता घेऊन डॅनी थेट माझ्या शेजारीच येऊन बसला.

“कालही इथेच होता तुम्ही. माझ्यावर लिहीत होता?”

मला खोटं बोलता येत नाही. “हो.”

“फार वाईट?”

“नाही, उलट!” मी म्हणाले, आणि उत्साहाने त्याला त्या चकाकीचं सांगून टाकलं.

तो हसला. मग हसू थांबलं. “मॅम, मी बॉल घासत नाही. माझ्या हाताला घाम येतो, तो पुसतो. बॉल तेव्हा ग्लव्हमध्ये असतो.” त्याने तक्ता बाजूला ठेवला. “आमच्यात बॉल कपड्यावर घासणं म्हणजे लबाडी. तुम्ही ते लिहिलंत?”

मी जिन्याखाली जाऊन वॉल्टला फोन लावला.

“शाबास म्हणणारच होतो,” वॉल्ट म्हणाला. “चोरी पकडलीस. सकाळीच पुढे पाठवलं.”

“चोरी नाही! आमच्या खेळात तसं करतात, म्हणून मला वाटलं...”

“तू बॉल पाहिलास का?”

“नाही.”

“मग काय पाहिलंस?”

“खांदा.”

वॉल्टने सुस्कारा टाकला. “दुरुस्ती पाठव. मी फोनही करतो. पण एकदा वाचलेलं कुणी विसरत नाही, पोरी.”

परत येऊन मी डॅनीची माफी मागितली. त्याने मान हलवली आणि नोंदी करत राहिला. तेवढ्यात एक माणूस दोन्ही हातांत हॉट डॉग घेऊन आमच्यासमोरून गेला आणि एक चेंडू पाहायचा राहिला. डॅनीने ती चौकट रिकामी सोडली.

“अठ्ठ्याऐंशी मैल टाकून दे ना,” माझ्या पलीकडून मंदार म्हणाला. “सगळे तेवढेच तर पडतायत.”

“मी पाहिला नाही,” डॅनी म्हणाला.

निघताना त्याने विचारलं, “हळू बॉलचं तरी लिहिलंत ना?”

“पहिल्याच ओळीत.”

येताना पुलावर टोल नाही.

दुरुस्ती मी त्याच संध्याकाळी पाठवली. वरच्या संघाने दुसराच डावखुरा घेतला. ऑगस्टअखेर डॅनीचं नाव त्याच्या संघाच्या यादीतूनही गेलं. ते माझ्यामुळेच गेलं असं लिहिलं तर तेही वाटलेलंच लिहिणं होईल. माझ्यामुळे नाही असंही लिहिता येत नाही.

कॉलिंग कार्डावरून भारतात फोन करून बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, “खोडरबर नाही ना वापरलंस?”

“नाही. त्या ओळीवर एक रेघ मारली. खालचं वाचता येतं.”

“राहू दे तसंच.”

अशा एखाद्या गावी जरूर जा. उन्हाळ्यात, होम प्लेटच्या मागे बसा. मी अजून वॉल्टचे तक्ते भरते. माझ्या तक्त्यांत हल्ली रिकाम्या चौकटी फार असतात अशी त्याची कुरकुर असते. परवा त्याने फोन करून विचारलं, “सातव्या डावातला तिसरा चेंडू कुठे गेला?”

“समोरून माणूस गेला,” मी म्हणाले. “मी पाहिला नाही.”