न सांगता वाढलेली वाटी

भगिनींनो, महिला मंडळाच्या फलकावर हे घाईघाईने लावतेय.

आज मार्गासनी गावात आमच्या अन्न-प्रयोगशाळेचं सोयाबीनचं 'मटण' गावकऱ्यांना चाखायला द्यायचं होतं. मी तिथून निवृत्त झाले, तरी रस्सा करायला मलाच बोलावतात. काय वाढलंय ते आधी सांगायचं नाही, म्हणजे खरं मत कळतं, असा तिथल्या साहेबांचा नियम. मी म्हटलं, "माळकऱ्यांना तरी सांगा." ऐकतंय कोण!

तुळशीची माळ घातलेल्या धोंडीबाबांनी घास गिळला आणि ते पांढरेफटक पडले. "बाई, मला मटण चारलं व्हय?"

साहेब खूश! "बघा, फरक कळलाच नाही!"

"आधी तोंड मिटा," मी म्हटलं.

तोवर धोंडीबाबांच्या मुलांनी आमची जीप अडवली होती. "मटण नव्हे, हेच होतं," म्हणत मी भिजवलेलं सोयाबीन दाखवलं. थोरला ओरडला, "ह्या बियांचं मटण व्हतं? आमी येडे हाय का?"

धोंडीबाबांनीच आम्हाला सोडवलं. पण माळ काढून देवापुढे ठेवली आणि म्हणाले, "आता तोंडात पानी बी घ्यायचं न्हाई."

जीप अडवली तेव्हा भीती वाटलीच. त्याहून जास्त भीती आता वाटतेय. म्हातारा माणूस उपाशी बसलाय. सकाळी मी परत जाते आहे. त्यांना पटेल असं काय सांगू? सुचलं तर इथेच खाली लिहा.